खऱ्यांच्या आमोदचे दोन इंच

आमोद खरे यांचं गणित कधी चुकत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा कोथरूडमध्ये निदान एक माणूस होता, आणि तो म्हणजे स्वतः आमोद खरे! दहावीच्या मुलांना भूमिती शिकवून त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा जुन्या वळणाच्या आपल्या मोटरसायकलला मोठी चाकं बसवायची ठरल्यावर त्याने आधी वहीत वर्तुळ काढलं. सतरा इंची चाक काढून एकोणीस इंची घातलं, की व्यास वाढतो दोन इंच आणि त्रिज्या वाढते एक. म्हणजे गाडी उंच होणार इंचभर. तेवढं तर जाड तळाच्या बुटात मुरून जातं. उत्तराखाली दोन रेघा मारून त्याने वही मिटली.

चुकलं एवढंच, की टायर धरायचा राहिला. आणि टायर त्याने चांगला जाडजूड सांगितला होता, मोठ्या नक्षीचा.

आता इंच-दोन इंचांनी काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. पण आमोदची उंची पाच फूट तीन इंच आणि लग्नाच्या बायोडेटात ती होती पाच-पाच. ही त्याच्या आईची, मंदाकिनीबाईंची करामत. त्यांचं म्हणणं असं, की सगळेच दोन इंच वाढवून लिहितात आणि मुलीकडचे तेवढे वजा करून वाचतात. आपण खरं लिहिलं तर लोक तुला पाच-एक समजतील, आणि मग ते खोटं नाही का व्हायचं? या युक्तिवादापुढे भूमितीच्या सरांनी हात टेकले. बायोडेटातला फोटोही गाडीवर बसलेला काढला, कारण बसलेल्या माणसाची उंची कोणी मोजत नाही.

सतरा ठिकाणांहून नकार आल्यावर अठरावं स्थळ आलं वल्लरीचं. येरवड्याला एका कंपनीत नोकरी, उंची पाच-चार, बोलणं मोजकं आणि तिरकस. आमोदला ती पहिल्या दहा मिनिटांतच आवडली. इतकी, की दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने समद्विभुज त्रिकोणाला तीन वेळा समभुज म्हटलं. दोघं दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा आमोदने उभं राहायचं शिताफीने टाळलं. तिच्या घरून निघताना तो बुटाच्या नाड्या बांधायला जो खाली वाकला, तो ती आत जाईपर्यंत वर आलाच नाही. हॉटेलात अर्धा तास आधी जाऊन बसला आणि शेवटी एक फोन करायचा आहे म्हणून बसूनच राहिला. बसल्या जागेवरून सगळं जगच उंच दिसतं, त्यामुळे तिच्या उंचीबद्दल काही शंका यायचं कारण नव्हतं.

मग शुक्रवारी तिचा फोन आला. घरचे मागे लागले होते, रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते तिला कळवायचं होतं. रविवारी तिला ऑफिसही होतं. त्याने गाडीवरून येरवड्याला सोडावं, वाटेत बोलणं होईल, मग ती सांगेल. आमोदने फुशारकीत सांगून टाकलं, की गाडीला नवी तारांची चाकं बसताहेत, रविवारी पाहालच.

शनिवारी संध्याकाळी तो बजरंगच्या गॅरेजात गेला. गाडी अशी देखणी दिसत होती, की आमोदला स्वतःच्या निवडीचं कौतुक वाटलं. मग तो वर बसला. दोन्ही पाय हवेत! डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं. एका बाजूला बुटाचं टोक टेकायचं, पण तेवढ्यात गाडीच कलायला लागायची. बरं, पाय एकट्या मालकाचेच आखूड पडले होते असंही नाही. गाडीचं बाजूचं स्टँडही आखूड पडलं होतं आणि मधलं तर या चाकांना बसतच नाही म्हणून बजरंगने काढूनच टाकलं होतं.

"जुनी चाकं परत घाल," आमोद म्हणाला.

"ती दुपारीच दुसऱ्या गाडीला बसली, सर. माप तुम्हीच दिलेलं हाय." बजरंग शांतपणे हात पुसत म्हणाला. "स्टँडला तुकडा जोडून देतो. बुधवारी या. आज मी गावच्या जत्रेला चाललो."

रविवारी गाडी नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं, तर पाय पोचत नाहीत हे सांगावं लागणार. आणि पाच-पाचच्या माणसाचे पाय का पोचत नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आमोद रात्रभर कुशीवर वळत राहिला.

सकाळी तो सोसायटीच्या पायरीवरून गाडीवर चढला. वल्लरीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, वाटेत सिग्नल नाही. तिच्या फाटकाशी पोचून त्याने फुटपाथवर पाय टेकला आणि उतरलाच नाही. ती आली, हेल्मेट घातलं आणि दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली. चाकं छान आहेत म्हणाली. आमोदची योजना तयार होती. सगळा रस्ता डाव्या कडेने जायचं, सिग्नल लागला की फुटपाथ गाठायचा.

नळ स्टॉपला सिग्नल लाल झाला आणि नेमकी डावीकडे बस येऊन उभी राहिली. पुढे रिक्षा, उजवीकडे टेम्पो, फुटपाथ बसच्या पलीकडे. आमोदच्या पाठीला घाम फुटला. मागे होणारी बायको बसली आहे आणि तिला आपण आता भर चौकात आडवी करणार! त्याने ब्रेक दाबला, डोळे मिटले आणि मंदाकिनीबाईंचं नाव घेतलं.

काही झालं नाही. त्याने एक डोळा उघडला. गाडी उभी होती. दोन्ही पाय हवेत, आणि गाडी मंदिराच्या खांबासारखी उभी! सिग्नल सुटेपर्यंत एकोणचाळीस सेकंद ती तशीच राहिली आणि प्रत्येक सेकंद आमोदने मोजला.

डेक्कनलाही तेच झालं. आता घाबरायचं सोडून त्याचं डोकं चालायला लागलं. टायर रुंद, म्हणजे जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ जास्त, म्हणून गाडी आपोआप तोल सांभाळते. सिद्धता पूर्ण! त्याने मान वळवून वल्लरीला हे समजावून सांगितलं. ती फक्त "हो का," म्हणाली. पुढच्या चौकात त्याने दोन्ही हात सोडून हेल्मेटचा पट्टा नीट केला. शेजारच्या स्कूटरवरचे काका गाडीच्या खाली बघून हसले. टायर आवडलेले दिसतात, असं आमोदला वाटलं. बंडगार्डनच्या पुलापलीकडच्या सिग्नलला तर त्याने हाताची घडीच घातली.

येरवड्याला कंपनीच्या फाटकासमोर त्याने ऐटीत रस्त्यावरच गाडी थांबवली.

"उतरू मी?" वल्लरीने विचारलं.

"उतरा ना."

"नक्की? फुटपाथजवळ घेता का जरा?"

"काही गरज नाही. ही उभी राहते."

वल्लरी उतरली. गाडी अगदी सावकाश, एखाद्या वजनदार पाहुण्याने लोडाला टेकावं तशी डावीकडे कलली आणि आमोदला घेऊन आडवी झाली. फाटकावरचे वॉचमन संपतराव धावत आले. त्यांनी आणि वल्लरीने मिळून गाडी उचलली, मग आमोदला. गुडघा थोडा सोलवटला होता, बाकी सगळं शाबूत होतं.

"टायर रुंद आहेत ना," वल्लरी म्हणाली.

आमोदने वर पाहिलं. मग आणखी वर पाहिलं. त्याचे डोळे तिच्या हनुवटीशी येत होते.

"नळ स्टॉपपासून मीच पाय टेकून धरली होती," ती म्हणाली. "बोलले असते, तर माझे पाय कुठवर पोचतात ते तुम्हाला कळलं असतं."

"बायोडेटात पाच-चार आहे तुमचं."

"पाच-सात आहे मी. उंच मुलीला स्थळं येत नाहीत म्हणून आईने तीन इंच कापले. तुमचं?"

आमोदला खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "पाच-तीन," तो म्हणाला. हे दोन शब्द उच्चारताना त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं. इतकी आवडलेली मुलगी आता हसून आत जाणार आणि अठरावा नकार घरी त्याच्या आधी पोचणार.

वल्लरी हसली नाही. मला उंचीचं काही वाटत नाही, म्हणाली. पण ज्या घरात मापंसुद्धा खोटी सांगायची, तिथे मला राहता येणार नाही. "आजपासून हे बंद. माझंही आणि तुमचंही. जमेल?"

"जमेल," आमोद म्हणाला, आणि तो अगदी मनापासून म्हणाला होता.

संध्याकाळी पाच वाजता सुटले की सांगते म्हणून ती आत गेली. जाताना तिने विचारलं, नीट जाल ना? तो म्हणाला, आलो तसा जाईन.

आला होता तो तिच्या पायांवर, हे त्याला पुढच्या चौकात आठवलं. सिग्नल लाल झाला आणि गाडी दुसऱ्यांदा आडवी झाली. चार भल्या माणसांनी उचलून दिली. कोथरूड तिथून बारा किलोमीटर. बजरंगला फोन लावला तर पलीकडून नुसता ताशाचा आवाज येत होता. आमोद गाडी ढकलत पुन्हा कंपनीच्या फाटकाशी आला. भिंतीला टेकवून रिक्षाने घरी जावं असा त्याचा विचार होता, पण संपतरावांनी फलकाकडे बोट दाखवलं. इथे गाडी लावायची नाही.

"आणि मी सोबत उभा राहिलो तर?"

संपतरावांनी नियमाचा सर्व बाजूंनी विचार केला. "मग ते लावणं नव्हे," ते म्हणाले. "ते थांबणं."

आमोद थांबला. हँडल सोडलं की गाडी कलायची, म्हणून हँडल धरून थांबला. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं आणि दुसऱ्या बाजूला उतरलं. वडापाव त्याने एका हाताने खाल्ला. वेळ जावा म्हणून संपतरावांनी त्याची सगळी हकीकत विचारून घेतली, आणि त्यानेही दिलेल्या शब्दाला जागून त्यांना सगळी खरी सांगितली.

पाच वाजता वल्लरी बाहेर आली. समोर आमोद उभा! चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा, हात हँडलवर.

"तुम्ही गेलाच नाहीत?" तिने विचारलं, आणि मग संपतरावांकडे पाहिलं.

"सकाळपासून इथंच आहेत," संपतराव म्हणाले. तेवढंच म्हणाले.

 तिरकस बोलणाऱ्या त्या मुलीचे डोळे चक्क भरून आले होते. "आठ तास," ती हळूच म्हणाली. "उन्हात. माझ्यासाठी असं कोणी कधी थांबलं नव्हतं." तिने पर्समधून फोन काढला. "मी घरी हो कळवते. पण आधी सांगा, माझ्यासाठीच थांबलात ना?"

आमोदने तोंड उघडलं. स्टँड, चौक, ताशा, फलक, सगळं ओठांवर आलं होतं. दिलेला शब्द आठ तासांचाच जुना होता. मग अकरा वर्षांचा सराव कामी आला. त्याने मनातल्या मनात सिद्धता मांडली, प्रत्येक पायरी दोनदा तपासली आणि या वेळी टायरसुद्धा धरला.

"तुमच्यासाठीच," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय मला इथून हलताच आलं नसतं."

वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. संपतरावांना तेवढा खोकला आला.