एकही चेंडू सोडायचा नाही

टेनिस हा हाताने खेळायचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते! आमच्या क्लबात असे एकतीस सभासद आहेत. मी मोजलेत. गेली तीन वर्षं बायको खेळायची आणि मी बाकड्यावर बसून लोकांच्या चुका मोजायचो. नोकरीच तशी आहे. फर्निचरच्या कारखान्यात मी तयार माल तपासतो. कुठली खुर्ची डगमगते ते मला चार पावलांवरून कळतं. मग माणूस कुठे डगमगतो ते कळायला असा कितीसा वेळ लागणार?

आता माझा साडूच घ्या. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मनातल्या मनात मी त्याला 'शोरूम' म्हणतो. कपाळाला पट्टा, दोन्ही मनगटांना पट्टे, गुडघ्याला पट्टा, खांद्यावर तीन रॅकेटी. आणि चेंडू आला की हा पठ्ठ्या पाय सिमेंटमध्ये पुरल्यासारखा उभा! एका तासात मी त्याला बावीस वेळा "छे, तारा सैल झाल्यात!" म्हणताना ऐकलंय. अहो, त्यातले एकोणीस चेंडू तारांपर्यंत पोचलेच नव्हते!

तर सांगायची गोष्ट अशी, की बायकोच्या जोडीदाराची ऐन स्पर्धेच्या तोंडावर बदली झाली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काळजी कशाला करतेस? मी आहे ना!"

तीन पायांच्या खुर्चीकडे मी जसा बघतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, रॅकेट कधी हातात तरी धरलीय का तुम्ही?"

"रॅकेट हा तपशील आहे. खेळ पायांत असतो!"

तिच्यासाठी हा थट्टेचा विषय नव्हता. क्लबला कोर्ट एकच. सकाळी सहा ते सात ही वेळ सगळ्यांनाच हवी, म्हणून कमिटीने नियम केला होता, की स्त्री-पुरुष जोड्यांची स्पर्धा जी जोडी जिंकेल, तिला वर्षभर रोज ती वेळ मिळेल. बायको दवाखान्यात एक्स-रे काढते. आठला कामावर हजर. संध्याकाळी परत येते तेव्हा कोर्टावर मुलांचे वर्ग. बिचारी तीन वर्षं फक्त रविवारी दुपारी दोनला, बुटाचा तळ चिकटेल अशा उन्हात खेळत होती. तिला ती सकाळ हवी होती. आणि दुसरा पुरुष जोडीदार शोधायला आता वेळ नव्हता. म्हणून मी!

क्लबचे कोच शिट्टीसर. शिट्टी दातांत धरूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्याला वाफ सुटल्यासारखा आवाज येतो. मला नखशिखांत न्याहाळून ते म्हणाले, "पंधरा दिवसांत फटके येणार नाहीत. पाय, तोल आणि डोकं, एवढंच करू."

"तेवढंच तर लागतं, सर!"

"समोरच्याचा हात वर गेला की जागेवर छोटी उडी! दोन्ही पायांवर! मग बारीक बारीक पावलं. तोलासाठी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आणि डोकं म्हणजे काय? मैदानात कुणाचंही ऐकायचं नाही! पंच ओरडो, प्रेक्षक ओरडो! आणि एकही चेंडू सोडायचा नाही!"

मी सगळं लिहून घेतलं. शोरूमला हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण शिकवलेलं आत जायला आधी वरचे पट्टे काढावे लागतात!

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या फरशीवर मी चिकटपट्टीचे बारा चौकोन आखले. बायको हातात गरम पातेलं घेऊन त्यांतून वाट काढायची आणि मी मध्ये टुणटुण करायचो.

"अहो, बाजूला व्हा! भाजेल!"

मी ऐकलं नाही. कुणाचंच ऐकायचं नव्हतं ना!

चौथ्या दिवशी मी डोळे मिटून एका पायावर दात घासले. टॉवेलची दांडी भिंतीतून उपटून हातात आली. यात माझ्या तोलाचा काही दोष नव्हता. स्क्रू अर्ध्या इंचाने आखूड होते, मी मोजले.

उडी मात्र अशी काही अंगात भिनली, की समोर कुणाचाही हात वर गेला की मी उडायचो. न्हाव्याने कात्री उचलली, उडालो! चौकातल्या पोलिसाने हात दाखवला, मी स्कूटरवर बसल्या बसल्या उडालो! ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजर भिंतीवरच्या तक्त्याकडे हात करून बोलत होते. त्यांचा हात वर, मी वर. त्यांचा हात खाली, मी खाली. तिसऱ्या वेळी ते थांबले.

"तुम्हाला जायचंय का? जाऊन या ना."

"नाही साहेब. मी तयार आहे!"

"कशाला?"

"कशालाही!"

"उत्तम! मग या रविवारी गोदामाची मोजणी तुम्ही घ्या."

या रविवारी! त्याच दिवशी स्पर्धा होती. एरवी मी मान डोलावली असती. अठरा वर्षं तेच केलंय. पण आता डोकं तयार झालं होतं. मी म्हणालो, "नाही!"

मॅनेजरना हे उत्तर इतकं नवीन होतं, की त्यांनी चकित होऊन दोन्ही हात वर केले. मी साहजिकच जोरात उडालो. ते दोन पावलं मागे सरकले आणि मोजणी शेजारच्याच्या गळ्यात मारून निघून गेले.

त्या क्षणी माझी खात्री पटली. जगात बहुतेक सगळं बिघडतं ते दुसऱ्याचं ऐकल्यामुळे!

रविवारी उपांत्य फेरी आम्ही आरामात जिंकलो. चेंडू मला नऊ वेळा लागला. त्यांतल्या दोन वेळा रॅकेटला. उरलेलं बायकोने बघितलं. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? मेहुणी आणि शोरूम! मेहुणी बायकोइतकीच चांगली खेळते. तिचं दुर्दैव तिच्या शेजारी पट्टे बांधून उभं होतं.

माझे पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे चालू झाले. शोरूम नेटपलीकडून म्हणाला, "साडूभाऊ, पायांना मुंग्या आल्यात का?"

"तुमच्या पायांना काहीतरी येऊ दे आधी!"

"भाऊजी, इतकं नाचू नका हो, दम लागेल!" मेहुणी हसली.

"तू तुझ्या नवऱ्याकडे बघ," बायको म्हणाली. "जरा हलवून बघ, जिवंत आहे का!"

दोघी बहिणी जिवाच्या आकांताने खेळल्या. सहा-सहा. मग टायब्रेक, तिथेही सहा-सहा. आमच्या क्लबाचा नियम असा, की यापुढे एकच गुण. जो घेईल तो जिंकला. बायको माझ्याजवळ आली. चेहरा लाल झाला होता.

"हे बघा. तुम्ही काही करू नका. फक्त उभे राहा. प्लीज!"

मी मान हलवली. ऐकलं अर्थातच नाही.

तिची सर्व्हिस गेली ती थेट शोरूमच्या पोटाकडे. त्याने घाबरून रॅकेट फिरवली. चेंडू आभाळात! तो गेला माझ्या डोक्यावरून, बेसलाइनवरून, थेट मागच्या जाळीकडे. आंधळ्यालाही कळलं असतं की बाहेर जातोय. बायकोने आनंदाने दोन्ही हात वर केले. मेहुणी रॅकेट बगलेत मारून हात मिळवायला नेटकडे चालू लागली. शोरूम तारा तपासू लागला.

आणि माझे पाय निघाले! बारीक पावलं, कंबर खाली, नजर चेंडूवर. असं पदलालित्य त्या कोर्टाने कधी पाहिलं नव्हतं!

"सोडा!" बायको ओरडली. "अहो, सोडा! बाहेर आहे! सोडा हो, सोडा!"

लाइनीच्या चार फूट मागे मी चेंडू अधांतरी गाठला. तोल अचूक. रॅकेटच्या बरोबर मधोमध बसला. आयुष्यातला माझा पहिला खराखुरा फटका! चेंडू सणसणत सरळ शोरूमच्या तोंडावर गेला. त्याने जीव वाचवायला डोळे मिटून रॅकेट आडवी धरली. टप्प! चेंडू नेटच्या पट्टीवर बसला, त्याने क्षणभर विचार केला आणि तो आमच्या बाजूला पडून मेला.

शिट्टीसरांच्या तोंडातून शिट्टी खाली पडली.

बायको शांतपणे चालत माझ्याजवळ आली.

"मी काय ओरडले?"

"सोडा."

"किती वेळा?"

"चार."

"म्हणजे ऐकू येत होतं!"

"हो. पण माझा तोल बघितलास का?"

पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर बायको बुटांच्या नाड्या बांधत होती. बहिणीचा फोन आला होता म्हणे. "ताई, आमचे हे आठच्या आधी उठत नाहीत. वेळ फुकट जातेय, तू ये ना!" कमिटीची काहीच हरकत नव्हती. जिंकणाऱ्यांतला एक हजर असला की पुरे, सोबत कुणीही चालेल. तेव्हापासून दोघी रोज खेळतात. बायको घामाघूम होऊन, चक्क गुणगुणत परत येते.

मला वाटलं, चला, सगळं सुरळीत झालं, आता थोडी माफी मागून टाकावी. एका सकाळी ती निघताना मी म्हणालो, "त्या दिवशी तो चेंडू मी घ्यायला नको होता, नाही?"

"छे हो, घेतलात तेच बरं झालं!"

"म्हणजे?"

"आपण जिंकलो असतो तर वर्षभर रोज सकाळी तुम्ही आला असतात ना!"

दार ओढून ती गेलीसुद्धा. वाईट याचंच वाटतं, की ती बरोबर बोलत होती. मी तर साडेचारलाच उठून बसलो असतो!