शादलीच्या गाडीचे दोष

माझ्या मोटारसायकलवर इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि तो मी घरीच, स्वतःच्या हातानं विझवायचं ठरवलं. (ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, जकात कचेरीत मी कारकून आहे. आजवर दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे स्टेपलर. तोही नंतर नवा घ्यावा लागला.)

याला कारण शेजारचा शादली. माझी बायको झकिया सहज म्हणाली, "शादलीला बोलाव की. त्याच्याकडे ते यंत्र आहे. गाडीला लावलं की मोबाइलवर बिघाड दिसतो."

आता, हा शादली लग्नाआधी तिला मागणी घालून गेलेला. सासऱ्यांनी त्याला नाही म्हटलं आणि मला हो. त्याला वर्षं लोटली, त्याचंही लग्न झालं, पण झकियाच्या तोंडी त्याचं नाव आलं की माझ्या पोटात हरिसाची चटणी कालवल्यासारखी आग होते.

मी बाजारात जाऊन तसंच यंत्र आणलं. रविवारी सकाळी अंगणात गाडीचं सीट काढून ते खालच्या खाचेत खुपसलं. मोबाइलच्या ब्लूटूथवर एकाच नावाची दोन यंत्रं दिसली. दुकानदारानं एकावर एक फुकट दिलं असावं, असं समजून मी वरचं निवडलं.

दोषांची रांगच लागली. तापमान, हवेचा दाब, ऑक्सिजन, काय वाटेल ते. मी झकियाला बोलावून यादी दाखवली आणि म्हणालो, "शादलीच्या यंत्राला एवढं सापडलं असतं का?" मग ऐटीत बटण दाबून सगळे दोष पुसले.

दिवा मात्र पेटलेलाच.

पुन्हा तपासलं, तर एकही दोष नाही. म्हणजे दिवाच नादुरुस्त, असं निदान करून मी किल्ली बंद केली आणि त्याची वायर उपटायला बसलो. तेवढ्यात मोबाइलवर माझं इंजिन जोरात फिरू लागलं. मी सायलेन्सरला हात लावला. गार.

भिंतीपलीकडे शादलीची गाडी गुरगुरत होती. तो बायकोला सांगत होता की एकेक बिघाड शोधत होतो, तर सगळे आपोआप पुसले गेले.

झकियानं मोबाइलकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि भिंतीपाशी जाऊन तिनं त्याला हाक मारली.

तो आला. तिनं त्याला बदाम घातलेला चहा दिला. (मला नुसता.) "तौफीकसाहेब, हे नीट बसलंच नाहीये," म्हणत त्यानं माझं यंत्र खाचेत दाबलं आणि मोबाइलवर खालचं नाव निवडलं. एकच दोष निघाला. एक वायर सैल झाली होती. त्यानं ती अंगठ्यानं आत ढकलली, दोष पुसला, दिवा विझला. चहा संपवून तो गेला.

सीट बसवता बसवता मी विचारून टाकलं, "त्यालाच हो म्हणायला हवं होतं, असं वाटलं असेल ना?"

"छे," झकिया म्हणाली. "त्याची बायको उरफा नेहमी रडते. वॉशिंग मशीन उघडून ठेवलंय, पंखा उघडून ठेवलाय, घरात वस्तू म्हणून धड नाही. मी तिला अभिमानानं सांगायचे, आमचा तौफीक कशालाही हात लावत नाही."

तिनं शादलीचा रिकामा पेला उचलला.

"आता तेही सांगायची सोय राहिली नाही."