मन वर्ग करण्याबाबत

लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत मुलीचं मन आईच्या नावावरून सासूच्या नावावर वर्ग करून घ्यावं लागतं. आम्ही सत्त्याऐंशीव्या दिवशी कार्यालयात गेलो. त्याआधी दोनदा आईने गुडघ्याचं कारण सांगून टाळलं होतं. गुडघा तिचा होता, टाळायचं मला होतं.

वर्ग झालं की आईला मुलीच्या मनातलं ऐकू येणं बंद होतं. बाकी काहीही बदलत नाही, असं माहितीपत्रकात छापलंय.

मी मुळात कमी बोलते. बोलायची वेळच कधी आली नाही. भूक लागतेय असं वाटेपर्यंत समोर ताट असायचं. दहावीच्या गणिताच्या पेपरात मी रडकुंडीला आले, तेव्हा आई घरी पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. लग्नानंतरही रोज सकाळी तिचा फोन यायचा. "घसा दुखतोय ना? गुळण्या कर." मी "हं" म्हणायचे. एवढंच बोलणं, पण त्यात सगळं असायचं. आता ती "कशी आहेस?" विचारणार होती, आणि त्याचं उत्तर कसं देतात ते मला येत नव्हतं.

निनाद, माझा नवरा, आला नव्हता. मुलग्यांची मनं वर्ग होत नाहीत. तशी तरतूद नाही.

"पूर्वधारक कोण?" धोत्रे नावाच्या कारकुनांनी विचारलं. आईने हात वर केला.

"नवधारक?" सासूबाईंनी आधार कार्ड पुढे केलं.

"साहेब जेवायला गेलेत. बसा."

आम्ही बाकावर बसलो, मी मध्ये.

"विहीणबाई, हिचं काही जड जातं का हो ऐकायला?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो. आतल्या आत गाणी फार म्हणते, आणि तीही बेसूर. तेवढी सवय करा. रागावली की मात्र आतूनसुद्धा गप्प होते. तेव्हा नुसतं शेजारी जाऊन बसायचं."

भाड्याचं घर सोडताना कुठला नळ घट्ट आहे ते सांगावं, तसं आई सांगत होती. सासूबाई मान डोलावत होत्या. मग म्हणाल्या, "माझं एकोणनव्वद साली झालं. त्यानंतर माझ्या आईला माझं जे काही कळायचं ते पत्रातून. आणि पत्रात मी काय लिहिणार, इकडे सर्व क्षेम. तिने ते खरं धरलं. बिचारीला ऐकूच येत नव्हतं ना."

आई गुडघा चोळत राहिली.

साहेब आले. शिक्का मारण्याआधी चाचणी असते. नवधारकाला पंधरा मिनिटांची तात्पुरती जोडणी देतात. मुलीने एक विचार करायचा, नवधारकाने तो चिठ्ठीवर लिहायचा आणि मुलीने खरं-खोटं सांगायचं. चुकलं तर मन आहे तिथेच राहतं आणि तीन वर्षं नवा अर्ज घेत नाहीत.

"करा विचार," साहेब म्हणाले.

'पंखा फार हळू फिरतोय' असा विचार मी घरूनच ठरवून नेला होता. ऐनवेळी तो आलाच नाही. 'मला आईकडेच राहू द्या' असा आला.

सासूबाईंनी लिहिलं. थांबल्या. खोडलं. पुन्हा लिहिलं.

धोत्र्यांनी वाचून दाखवलं. "'चहा हवा.' बरोबर?"

"नाही," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं का बाई?" साहेबांनी विचारलं.

"वय झालं हो," सासूबाई म्हणाल्या. त्या छप्पन्न वर्षांच्या आहेत, आणि शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात.

धोत्र्यांनी चिठ्ठी फाईलला लावली तेव्हा मला दिसली. वरची ओळ इतकी गिरवून खोडली होती की तिथे कागद फाटला होता. साहेबांनी अर्ज नामंजूर करून सही केली.

जिना उतरताना मी सासूबाईंचे मनोमन आभार मानले. मग लक्षात आलं, कार्यालयाच्या नोंदीनुसार त्यांना ते ऐकू येत नाही. मी पायरीवर थांबले.

"अहो आई," मी म्हणाले, "फार बरं केलंत तुम्ही."

माझाच आवाज जिन्यात घुमला. मला तो अनोळखी वाटला.

"असं तोंडाने सांगत जा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं तरी दुसरा इलाज नाही."

मागून कठडा धरून आई उतरत होती. "जरा हळू गं," ती म्हणाली. "मला दोनदा ऐकू आलं."