प्रयोगशाळेस धाडिलेल्या पाकिटाची बखर

तराजूच्या दोन्ही पारड्यांस नमस्कार आणि मधल्या काट्यास अधिक नमस्कार. अन्नपूर्णेचे स्मरण करोन, जे डोळ्यांनी पाहिले आणि जे विश्वासू माणसांकडोन ऐकिले, ते पदरचे मीठमसाला न घालिता येथे लिहिले असे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, श्रावण शुद्ध दशमीचे दिवशी चिवड्याचे राज्यात राजधानीहून खलिता येता जाहला. राज्य म्हणावे तर लहान, पत्र्याचे छपराखाली तीन दालने, दोन कढया आणि अकरा बायका. परंतु गादीवर इंदुमतीबाईसाहेब बसल्या होत्या आणि बाईसाहेबांनी एके कढईवर राज्य स्थापोन बारा वर्षांत ते येथवर वाढविले होते. कढईचा सर्व अधिकार द्वारकाबाईंकडे, वय साठीचे पुढे, बोलणे थोडे आणि नेमके, त्यांचे हाताची चव पंचक्रोशीत प्रसिद्ध. खलिता राजधानीचे महादुकानाचा, ज्याच्या अठरा पेढ्या. मजकूर की, दिवाळीकरिता पातळ पोह्यांचा चिवडा चाळीस मण आश्विन शुद्ध प्रतिपदेस आमचे कोठारी दाखल करावा. बाईसाहेबांनी इतकेच वाचोन पेढे वाटिले आणि नव्या चार बायका कामास ठेविल्या, आणि मग खलित्याची दुसरी बाजू वाचिली. तेथे लिहिले होते की, पाकिटाचे पाठीवर कायद्याप्रमाणे लेबल पाहिजे. घटक पदार्थ वजनाचे उतरते क्रमाने मांडावे. शंभर ग्रॅमांत ऊर्जा किती, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध आणि सोडियम किती हे आकड्यांत सांगावे. शेंगदाणा आणि काजू ज्यांस बाधतात त्यांस ठळक इशारा द्यावा. आणि माल निघण्यापूर्वी आमचा माणूस येवोन आपले हाताने पाकिटे उचलील, ती आम्ही तपासू, आकडे जुळले तर माल पेढ्यांवर जाईल, न जुळले तर माल परत आणि व्यवहार कायमचा बंद. राज्याचे जुने पाकिटाचे पाठीवर एक कमळ होते आणि ‘शुद्ध, सात्त्विक, आईच्या हातचे’ इतकीच अक्षरे होती. बाईसाहेबांनी नव्या चार बायकांकडे पाहिले, त्या पोहे निवडीत बसल्या होत्या. माल परत आला तर त्यांस घरी पाठवावे लागेल हे बाईसाहेबांस ठाऊक, आणि त्या चौघींसही ठाऊक.

मग मसलत होवोन हेमांगीबाईंस बोलाविले. या रसायनशास्त्र शिकोन औषधांचे कारखान्यात नऊ वर्षे चाकरी करोन गावी परतल्या होत्या. बाईसाहेबांनी त्यांस मापनवीस हा हुद्दा दिधला, जो राज्यात पूर्वी नव्हता, आणि त्या येताना एक काटा, एक वही आणि बसावयास स्टूल घेवोन आल्या. त्यांनी प्रथम कृती मागितली. द्वारकाबाई म्हणाल्या, पोहे दहा किलो, बाकी हाताला कळते तेवढे. हेमांगीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मिठाचे डब्याखाली काटा ठेविला आणि द्वारकाबाईंस नित्याप्रमाणे मूठ घ्यावयास सांगितले, आणि काट्याने एक्केचाळीस ग्रॅम कमी दाखविले. दुसरे घाण्यास बेचाळीस, तिसऱ्यास पुन्हा एक्केचाळीस. मग पिठीसाखर, डाळे, खोबरे, हिंग या सर्वांचे ऐसेच केले आणि पाच दिवस केले, आणि शेवटी हेमांगीबाई वही मिटोन म्हणाल्या, “काकू, आमच्या कारखान्यातली यंत्रं याहून जास्त चुकायची.” द्वारकाबाई म्हणाल्या, “यंत्राला कोणी नावं ठेवत नाही, म्हणून चुकत असेल.”

पुढे घटकांचे मानाचा प्रश्न निघाला आणि दरबारात दोन दिवस तेच चालले. बाईसाहेबांचे म्हणणे की, पाकिटाचे पोटावर काजूचे चित्र आहे, तरी यादीत काजू प्रथम असावा. हेमांगीबाईंनी वजने वाचोन दाखविली, प्रथम पोहे, मग शेंगदाणे, मग तेल, मग डाळे, मग खोबरे, मग साखर आणि सातवे स्थानी काजू. बाईसाहेब म्हणाल्या, “सातवा? साखरेच्याही मागे?” हेमांगीबाई म्हणाल्या की, क्रम वजनाने लागतो, किमतीने लागत नाही. बाईसाहेब उठोन आत गेल्या, चहा घेवोन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “लावा सातवा. पण चित्रातलेही काजू कमी करा, नाही तर बरं दिसणार नाही.” ही आज्ञा मागितलेली नव्हती, ती आपणहून जाहली, आणि हेमांगीबाईंनी ती वहीत तारीख घालोन लिहिली. मग एकवेळची वाढणी किती हे ठरविणे आले आणि हेमांगीबाईंनी तीस ग्रॅम चिवडा बशीत घालोन सर्वांपुढे ठेविला. द्वारकाबाईंनी बशीकडे पाहोन विचारिले, “हा चिवडा वाढलास की तीर्थ दिलंस?” सर्व बायका हसल्या, नव्या चौघीही प्रथमच हसल्या, तरी वाढणी तीसच लिहिली गेली.

आता कृतीवरोन हिशेब करोन शंभर ग्रॅमांत स्निग्ध चोवीस ग्रॅम आणि साखर आठ ग्रॅम ऐसे निघाले, परंतु खात्रीकरिता एक पाकीट प्रयोगशाळेस धाडावयाचे ठरले. हेमांगीबाईंस त्या दिवशी छापखान्यात अक्षरांचे आकार पाहावयास जाणे होते, म्हणोन त्या सांगोन गेल्या की, चांगले पाकीट भरोन मोहोर लावोन धाडावे. येथे त्यांची चूक जाहली, हे त्यांनीच पुढे कबूल केले. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस प्रयोगशाळेचा जाबता आला, त्यात स्निग्ध एकतीस, साखर तेरा आणि सोडियमही चढे. प्रतिपदेस सतरा दिवस उरले होते, प्रयोगशाळेस आठ दिवस लागत आणि छापखान्यास पाच. मग जो तो बोलू लागला; कोणी म्हणाली तेलवाल्याने दगा केला, कोणी म्हणाली प्रयोगशाळेतील काटा बिघडला, आणि पाकिटे बांधणारी शेवंता हळूच म्हणाली की, वय जाहले की हात जड होतो. हे द्वारकाबाईंनी ऐकिले. त्यांनी झारा कढईचे कडेवर टेकविला, हात पुसले आणि दाराशी पाटावर जावोन बसल्या, आणि त्या दिवशी दुसरा घाणा जाहला नाही.

बाईसाहेबांनी हेमांगीबाईंस एकांती नेवोन सांगितले, “प्रयोगशाळेचा शिक्का आहे ना? मग त्यांचेच आकडे छापा. कोणी विचारलं तर कागद दाखवू.” हेमांगीबाई म्हणाल्या, “शिक्का खरा आहे, बाईसाहेब. पण तो नक्की कोणत्या चिवड्याचा आहे, हे मला कळलेलं नाही. महादुकान आपल्या रोजच्या पाकिटातून घेणार. त्यात चोवीस निघाले आणि आपण एकतीस छापलं असेल, तर माल परत.” बाईसाहेबांनी विचारिले की, मग तुमचे चोवीस छापावे काय. हेमांगीबाई म्हणाल्या की, तेही आज छापणार नाही. फरक कोठून आला हे कळेतो एकही आकडा पाकिटावर जाणार नाही. बाईसाहेब म्हणाल्या, “सतरा दिवस आहेत.” हेमांगीबाई म्हणाल्या, “चार आहेत. तेरा दुसऱ्यांचे.”

पहिला दिवस तेल तपासण्यात गेला, ते निर्दोष निघाले. दुसरे दिवशी हेमांगीबाईंनी विक्रीची दहा पाकिटे फोडिली आणि स्वच्छ कागदावर चिमट्याने पोहे वेगळे, दाणे वेगळे, काजू वेगळे ऐसे ढीग मांडिले. दहाही पाकिटांत काजूच्या पाकळ्या आठ किंवा नऊ. मग प्रयोगशाळेस फोन करोन त्यांनी विनंती केली की, नमुन्याचा जो भाग तुम्ही राखोन ठेविला असेल त्यात काजू मोजावे. तिकडील मुलगी मोजोन म्हणाली, अर्ध्याच पाकिटात तेवीस आहेत, आणि बेदाणे तर मोजवत नाहीत. हेमांगीबाईंनी फोन ठेविला. मग बायकांस म्हणाल्या की, दुसरा नमुना धाडावयाचा आहे, तरी पहिल्याप्रमाणे पाकीट भरावे, मी मध्ये बोलणार नाही.

तेव्हा शेवंतेने नवे पाकीट घेतले आणि आपले ओढणीने आतून पुसले, आणि दुसरीने पिंपात डाव घातला तो वरचा चिवडा बाजूस सारोन थेट तळाशी, जेथे दाणे, खोबरे, मीठ आणि पिठीसाखर उतरते, आणि तळाचा चिवडा पाकिटात भरिला. मग द्वारकाबाई पाटावरून उठोन आल्या, रुसवा तसाच होता परंतु काम अडत होते, आणि त्यांनी काजूचे डब्यातून एक ओंजळ आणि बेदाण्यांची एक मूठ वर घातली, आणि नव्या चौघींपैकी एकीने चार काजू आणखी ठेविले, निवडोन अख्खे. हेमांगीबाईंनी विचारिले, “काकू, हे रोजच्या पाकिटात घालता?” द्वारकाबाई म्हणाल्या, “रोजच्यात कसं घालीन? ते मापाचं असतं.” “मग यात?” “अगं, परक्या घरी चाललंय. पाहुण्याला काय वरवरचं वाढायचं? डाव तळापर्यंतच घालायचा असतो.” आणि थोडे थांबोन म्हणाल्या, “शिवाय ती माणसं दिवसभर तपासत बसणार. खातीलही थोडं.” हेमांगीबाईंनी सांगितले की, ते खात नाहीत, ते दळतात आणि आम्लात विरघळवितात. द्वारकाबाई पाकिटाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढे काजू?” मग प्रथम शेवंता हसली, आणि मग सर्व, आणि बाईसाहेब आतून बाहेर येवोन काय जाहले विचारू लागल्या त्यांसही सांगताना कोणास नीट बोलवेना. शेवंतेने जड हाताचा आपला शब्द मागे घेतला आणि द्वारकाबाईंचे हाती झारा दिधला. हेमांगीबाई इतकेच बोलल्या की, चूक माझी, मी ‘चांगले’ पाकीट म्हणाले, ‘रोजचे’ म्हणावयास हवे होते.

मग रीत बांधिली ती ऐसी: भरणीच्या आरंभीची, मधली आणि शेवटची मिळोन दहा पाकिटे उचलावी, ती एकत्र करोन कागदावर गोल ढीग घालावा, त्याचे चार भाग करोन समोरासमोरचे दोन ठेवावे, दोन काढावे, आणि ऐसे करीत एक पाकिटाएवढे उरेल ते धाडावे, आणि वर कोणी काही ठेवू नये. तसेच विक्रीची पाकिटे भरिताना दर पाकिटामागे डाव तळापासोन फिरवावा, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकास तळाचा वाटा पोहोचेल. ही शेवटली रीत द्वारकाबाईंस विशेष पसंत पडली. पौर्णिमेस नमुना गेला आणि वद्य अष्टमीस जाबता आला, स्निग्ध चोवीस पूर्णांक तीन, साखर आठ पूर्णांक एक. हेमांगीबाईंनी तो द्वारकाबाईंस वाचोन दाखविला आणि मग छापखान्यास हुकूम गेला आणि पाकिटे छापोन आली. पोटावर काजू मोजके, पाठीवर तक्ता, खाली ठळक इशारा, कोपऱ्यात हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, आणि कमळ लहान करोन ठेविले, कारण बाईसाहेबांनी तेवढे मागितले.

अमावास्येस महादुकानाचे तपासनीस सदानंदराव आले. गृहस्थ उंच, अबोल, हाती कुलूप लावावयाची पेटी. त्यांनी कोठारात फिरोन स्वतः तीन पाकिटे उचलिली आणि पेटीत घातली. द्वारकाबाई दाराशी उभ्या होत्या. पाहुणा आपले दारातून तीन साधी पाकिटे घेवोन जातो हे त्यांस पाहवेना, आणि त्यांचा हात दोनदा काजूचे डब्याकडे गेला आणि दोनदा मागे आला. हेमांगीबाईंनी ते पाहिले. पेटीस कुलूप लागले. तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, “तुमचं काम झालं ना, भाऊ? आता बसा.” आणि त्यांनी पिंपात तळापर्यंत डाव घातला, बशी भरिली, वर काजू, बेदाणे, ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबाची फोड, आणि ती त्यांचे पुढे ठेविली. सदानंदराव म्हणाले की, कामावर असता आम्ही काही घेत नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, “घेऊ नका. खा.” त्यांनी खाल्ले, आणि दुसरे वेळी बशी आपणहून पुढे केली.

माल गेला आणि महादुकानाचे कोठारी कुलुपात राहिला, आणि नऊ दिवस नव्या चौघी रोज वेळेआधी येत आणि खलिता आला काय म्हणोन दारातच विचारीत. आश्विन शुद्ध नवमीस खलिता आला. बाईसाहेबांनी हेमांगीबाईंकडे दिधला आणि त्यांनी वाचिला की, तिन्ही पाकिटांचे आकडे लेबलाशी जुळले, फरक माफीचे आत, माल पेढ्यांवर रवाना, आणि संक्रांतीकरिता दुसरी मागणी सोबत. नव्या चौघींपैकी एक खाली बसली आणि दुसरीने तिला पाणी दिधले. खलित्याचे तळाशी सदानंदरावांनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या की, घरी पाकीट नेले, उत्तम आहे, परंतु बशीत जो चिवडा होता तो कोणत्या पाकिटात मिळतो हे कळवावे, मंडळी विचारितात. बाईसाहेबांनी द्वारकाबाईंस विचारिले, काय कळवावे, नवा माल काढावा काय. द्वारकाबाई घाणा काढीत होत्या, त्यांनी मान वर न करिता सांगितले, “तो विकायचा नाही. त्यांना लिहा, मंडळींना घेऊन या.”

येणेप्रमाणे लेबल सिद्ध जाहले, चौघी कामावर कायम जाहल्या, काजू सातवे स्थानी राहिला आणि त्याची तक्रार आजवर आलेली नाही. सदानंदराव मंडळींसह मार्गशीर्षात येवोन गेले. हकीकत पुरी, वजन बरोबर.