जिभेच्या मुळाशी मुक्काम

श्रीवत्सनं जीभ बाहेर काढली ती केवळ धाकट्या बहिणीला वेडावून दाखवायला. पण कीर्ती पडली दातांच्या कॉलेजातली. तिनं तिथल्या तिथं मोबाइलचा टॉर्च त्याच्या घशात मारला आणि किंकाळी फोडली.

"अम्मा! ह्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे! लिंबाएवढी!"

गाठ सुपारीएवढी होती. पण शुक्रवारी साखरपुडा असलेल्या मुलाच्या आईला, मंगलाबाईंना, लिंबू काय आणि सुपारी काय! पापनाशमची हरिणी हे मोठ्या मुश्किलीनं हाती लागलेलं स्थळ होतं. घरात मराठी बोलणारी, गोत्र न जुळणारी आणि पत्रिका जुळणारी मुलगी अख्ख्या तंजावर जिल्ह्यात दुसरी उरली नव्हती.

"शुक्रवारच्या आत कापून टाका," अम्मा म्हणाली. "तिकडं कळलं तर नारळ परत येईल."

कुंभकोणमचे कान-नाक-घशाचे डॉक्टर कापायला तयार झाले. फक्त आधी एक स्कॅन. स्कॅनवाल्यानं श्रीवत्सच्या गळ्याला गार जेली फासली, यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्याचा चेहरा उतरला.

"तंबी, आधी कधी गळ्याचं ऑपरेशन?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"नाही."

"मग थायरॉइड कुठाय?"

श्रीवत्सनं गळा चाचपला. घरून निघताना किल्ली, मोबाइल, पाकीट तपासलं होतं; हे तपासायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. "पोटात बाळ असताना ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते, मग हळूहळू खाली गळ्यात उतरते. तुमच्या मुलाची उतरलीच नाही. ती गाठ म्हणजेच ह्याची थायरॉइड. एकुलती एक. काम चोख करते आहे. त्रास नाही तर कशाला कापायची? कापली तर जन्मभर गोळ्या. हा संमतीचा कागद घ्या, बाहेर बसून ठरवा."

बाहेरच्या बाकावर कानात कापूस घातलेली एक बाई बसली होती. नाकात दोन्हीकडं चमक्या, डोक्यात मल्लिगेचा भरगच्च गजरा. अम्मानं तिच्याकडं एक नजर टाकली, ती तमिळ असल्याचं ठरवलं आणि खुशाल मराठीत सुरू झाली. चारचौघांत तमिळ आणि गुपितं मराठीत, हा घराण्याचा रिवाजच होता.

"कापूनच टाका. गोळ्या काय, पायसमातून देईन."

"अगे, पण चालू गाडीचं इंजिन काढायचं म्हणजे..." अप्पांना भलताच राग आला होता, पण तो गाठीचा. "आमचे पूर्वज साताऱ्याहून इथवर खाली आले, घोड्यावरून! आणि ह्याच्या गाठीला चार बोटं खाली उतरवेना?"

"अम्मा, माझी आहे ती," श्रीवत्स कळवळला. "मला कोणी विचारा की!"

"तू तोंड उघडू नको. उघडलंस म्हणूनच हे जाहलं. सह्या करा हो! पापनाशमला पत्ता लागायच्या आत."

अप्पांनी खिशातून पेन काढलं. श्रीवत्सनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कापू नका," बाकावरची बाई म्हणाली. अस्सल तंजावुरी मराठीत.

अप्पांच्या हातून पेन पडलं.

"मी महालक्ष्मी. तिरुभुवनमला असते. हरिणीची आत्या. मुलाचा फोटो पाहिला आहे. कान दुखतो, पण ऐकू येतं."

 नारळ परत येताना अम्माला डोळ्यांसमोर दिसत होता. पण आत्याबाई सरकून जवळ बसल्या.

"आता आमचंही ऐका. आमच्या पोरीचं काळीज उजवीकडं आहे. अगदी ठणठणीत, पण उजवीकडं. आम्हीसुद्धा शुक्रवार उरकेपर्यंत गप्प बसणार होतो."

अप्पांनी पडलेलं पेन उचलून खिशात ठेवलं. डॉक्टरांनी दार किलकिलं करून विचारलं, "कापायचं का?"

"नको!" श्रीवत्स, अप्पा आणि आत्याबाई एकदम ओरडले. दार मिटलं. श्रीवत्सनं तोंडावरचे हात काढले.

अम्मा मात्र गजऱ्याकडं टक लावून बघत होती. मग ती अप्पांच्या कानाशी वाकली आणि सवयीनं मराठीत कुजबुजली, "अहो, काळीज उजवीकडं असलेली सून कशी करायची हो?"

आत्याबाईंनी कानातला कापूस काढून हातात घेतला.

"मंगलाबाई," त्या म्हणाल्या, "ह्या कानानंही ऐकू येतं."