कुंपण नसलेले फाटक

सकाळचे सहा वाजून सतरा मिनिटे झाली होती, तेव्हा हे सगळे सुरू झाले. मुलांनो, नीट बसा. तोंडात काही असेल तर आधी गिळून घ्या.

ऑस्ट्रेलिया नावाच्या देशात, एका माळावर एक शेत होते. शेत इतके मोठे की, हाक पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत ती का मारली हेच विसरून जावे. मधोमध तारेचे कुंपण होते आणि कुंपणाला लोखंडी फाटक. फाटकावर पाटी होती : ‘फाटक जसे सापडेल तसेच ठेवावे.’ उघडे सापडले तर उघडे. बंद सापडले तर बंद.

आदल्या रात्री वारा सुटला आणि सगळे कुंपण आडवे झाले. खांब पडले, तारा गवतात पसरल्या. फाटक तेवढे उभे राहिले. बंद.

उजाडल्यावर डोरिस मेंढीचे कोकरू उड्या मारत आडव्या तारांवरून पलीकडे गेले. बारा दिवसांचे पोर ते. पलीकडे गेल्यावर त्याला आई आठवली. ते ओरडायला लागले. सकाळपासून दूधही प्यायले नव्हते.

डोरिस धावत फाटकापाशी आली. तिथे क्लाइव्ह बसला होता. क्लाइव्ह म्हणजे मेंढ्या हाकणारा कुत्रा. मालकाने त्याला फाटकाची राखण दिली होती.

“क्लाइव्हभाऊ, फाटक उघडा हो. माझं बाळ तिकडे आहे.”

“बंद सापडलंय. बंदच राहणार.”

“मग मी बाजूने जाते. कुंपण कुठंय आता?”

“आडवं आहे. आडवं म्हणजे नाही, असं होत नाही बाई. मी दुपारी आडवा होतो, तेव्हा मी नसतो का?”

डोरिस फाटकाच्या गजांतून कोकराकडे बघायला लागली. तुम्हीही बघितले असते.

तेवढ्यात बेरिल मावशी आली. ही कांगारू. तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्लू होते. ती रोज इथूनच कुंपणावरून उडी मारायची. आजही ती मागे सरकली, धावत आली आणि उंच उडी मारली. खाली नुसते गवत होते.

“अहो मावशी, उडी कशाला? मोकळंच आहे की!”

“आज मोकळं आहे. उद्या उभं राहिलं आणि माझी सवय गेलेली असली तर? पोर आहे पिशवीत.”

“मग मीही उडी मारते,” डोरिस म्हणाली.

“मेंढ्यांना उडीची परवानगी नाही,” क्लाइव्ह म्हणाला.

पलीकडे माती हलली आणि नॉर्मनकाका बाहेर आले. हे वॉम्बॅट. वॉम्बॅट म्हणजे बिळे करणारा एक गुबगुबीत प्राणी. ते रोज कुंपणाखालून भुयार खणून जायचे. आजही खणूनच आले होते. धापा टाकत होते.

“काका, वरून रस्ता मोकळा आहे.”

“असू दे. या वयात वरून गेलो तर लोक काय म्हणतील?”

आणि मग कोल्हा आला. घाबरू नका. मी आधीच सांगून ठेवते, कोकराला काही होत नाही. मलाच पुढचे कळल्याशिवाय अशा गोष्टी ऐकवत नाहीत.

कोल्ह्याने अंग झटकले. फाटकासमोर अदबीने उभा राहिला.

“नमस्कार साहेब. फाटक उघडता का?”

“नाही.”

“बरं. तुमचं काम तुम्ही केलंत. आभारी आहे.”

एवढे बोलून तो बाजूने, तारांवर पाय देत, कोकराच्या दिशेने निघाला.

“अहो, तो गेला की!” डोरिस किंचाळली.

“कुठून?”

“बाजूने!”

“बाजू माझ्याकडे नाही. माझी नेमणूक फाटकावर आहे.” आणि क्लाइव्ह फाटकाकडे आणखी नीट बघायला लागला.

आयुष्यात डोरिसने कधी नियम मोडला नव्हता. लोकर कापायच्या दिवशीसुद्धा ती रांगेत पहिली असायची. पण कोकरू परत एकदा ओरडले, आणि या वेळी बारीक आवाजात.

ती सुटलीच. तारेत पाय अडकला, लोकर फाटली, तरी थांबली नाही. डोके खाली घालून तिने कोल्ह्याच्या बरगडीत असे हाणले की तो दोन कोलांट्या खाऊन उठला.

“पण मी विचारून आलो होतो!” असे ओरडत तो पळाला.

कोकरू आईच्या पोटाखाली शिरले. त्याची शेपटी हलायला लागली. इकडे फाटकापाशी सभा भरली.

“तिने विचारलं का?” क्लाइव्हने विचारले.

“छे! कोल्ह्याने निदान विचारलं तरी,” नॉर्मनकाका म्हणाले. “वळण म्हणून काही असतं.”

“आई झाली म्हणून काय कुठूनही धावायचं?” बेरिल मावशी म्हणाली. “आम्हीही आयाच आहोत.”

शेवटी ठरले. डोरिसने फाटकाची माफी मागावी.

“मागते,” डोरिस म्हणाली. “पण आधी त्याचं पिऊन होऊ दे.”

पिऊन झाल्यावर ती फाटकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “चुकले.” फाटक वाऱ्याने करकरले.

“माफ केलंय,” क्लाइव्हने सांगितले. “पण मनातून नाही.”

साडेआठला मालकाची पिकअप गाडी आली. मालक खाली उतरला. कडी काढली, फाटक उघडले, गाडी पलीकडे नेली, परत उतरला, फाटक लावले आणि कडी दोनदा ओढून पाहिली. दोन्ही बाजूंना माळ मोकळा पसरला होता.

“शाबास क्लाइव्ह,” तो म्हणाला. “फाटक अगदी शाबूत!”

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक फाटक आणून माळावर उभे केले. तेही बंद. एकट्या क्लाइव्हला दोन फाटके जमेनात, म्हणून जनावरांनी एकमताने दुसऱ्यावर कोल्ह्याला बसवले. तो विचारून जातो, म्हणून.

डोरिस आता कोकराला घेऊन लांबून, बाजूने जाते. तिला कुणी अडवत नाही. सगळ्यांचे लक्ष फाटकांकडे असते.

तात्पर्य : मुलांनो, कुठेही जाताना आधी परवानगी विचारावी. मिळाली नाही तरी जाता येते, आणि पुढेमागे नोकरीही लागते. आईने मात्र पोराच्या हाकेला धावू नये. धावलीच, तर माफी मागायच्या आधी त्याला दूध पाजून घ्यावे.

एवढे शेजारच्या घरीही जाऊन सांगा. त्यांच्या भिंती पडल्या असल्या तरी दार वाजवा, आणि कुणी ‘या’ म्हणेपर्यंत बाहेरच उभे राहा.