रुमालाखालची मोटार

ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो त्याला जगातलं कुठलंही वाहन चालवता येतं, असं माझं ठाम मत होतं. विमानाचं मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी 'हो'च म्हणालो असतो. विमान म्हणजे तरी काय, नांगर न लावलेला ट्रॅक्टरच! वाटूरच्या शिवारात मी आमच्या अप्पाराव मामांचा ट्रॅक्टर दोन हंगाम चालवला होता, आणि तेवढ्या काळात मध्ये फक्त एक विहीर आणि एक शाळेची भिंत आली होती. त्यामुळे मामा जेव्हा म्हणाले, "संपत, उद्या साबण लावून आंघोळ कर. जालन्याला मोटार घ्यायची आन् तूच चालवायची," तेव्हा मी फक्त "कुठला साबण?" एवढंच विचारलं.

आता मोटार कशाला, तेही सांगतो. ही पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. गिरिजामामींचं माहेर राजूरचं. आदल्या वर्षी भावाच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला मामी कापसाच्या ट्रकमधून गेल्या. उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर इतका कापूस होता की एखाद्या व्यापाऱ्यानं भाव विचारला असता. भर मांडवात त्यांची भावजय द्वारकाबाई म्हणाली, "अगं बाई वन्सं! एकाएकी म्हातारपण आलं का?"

अख्खा मांडव हसला. बँडवाला हसला. नवरासुद्धा मुंडावळ्या बाजूला करून हसला!

मामी हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "आता जाईन तर मोटारीतून जाईन. द्वारकीच्या दारात, समद्यांच्या डोळ्यांदेखत, मोटारीतून उतरीन. न्हाई तर माहेर तुटलं!"

आणि आता धाकट्या भाचीचं लग्न आलं होतं. मामी जागच्या हलायला तयार नव्हत्या. मामांनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा मामींनी फक्त पाहिलं. मग मामांनी मोटार घ्यायचं ठरवलं.

"अहो, पण मोटारीतलं तुम्हाला काय कळतं?" मामींनी विचारलं.

"चाळीस वर्षं बैल घेऊन राह्यलो मी! पाय बघायचे, दात बघायचे, घेऊन टाकायचं. लग्नाला जाता जाता घेऊ."

लोक लग्नाला जाता जाता नारळ घेतात.

लग्नाच्या दिवशी सकाळीच मामा, नटलेल्या मामी आणि मी जालन्याला पोचलो. तिथे तेव्हा एक मोटारींचं दुकान नवीनच निघालं होतं. शोरूम म्हणायचे त्याला. शोरूम म्हणजे जिनिंगच्या गोदामाला बसवलेली काच. आत झुंबर, लाल गालिचा आणि गालिच्यावर एकच मोटार. विलायती, जुनी, काळीभोर, लांबीला आमच्या गोठ्याएवढी. हैदराबादच्या कुणा जहागीरदाराची होती म्हणे. विकायला माणूस होता धर्मराज नावाचा. टाय, चकाकणारे बूट आणि मुंबईत तीन महिने शिकून आलेलं हसू.

"या साहेब! ही गाडी नाही, हा राजमहाल आहे!"

मामांनी राजमहालाला एक फेरी घातली. खाली वाकले, चाकांवर थापटलं, पाठीवरून हात फिरवला.

"काय बघताय साहेब?"

"भोवरा कुठं हाये का ते."

"भोवरा?"

"खोटा भोवरा असलेलं जनावर दारात आणू नये. जोड हाये का एकच?"

"एकच."

"तोंड उघडा."

धर्मराजनी आपलं तोंड उघडलं. मामा म्हणाले, "तुमचं न्हाई हो, हिचं!" मग बॉनेट वर झालं. मामांनी आत बराच वेळ पाहिलं आणि "जुळलेली हाये" असं मला हळूच सांगितलं. म्हणजे बैलाचे सगळे दात आले की तो ज्या वयाचा म्हणतात, त्या वयाची.

"मारकी हाये का?"

"छे छे! अत्यंत मृदू!"

"आजारी पडली तर?"

"सर्व्हिसची उत्तम सोय आहे. हैदराबादहून मिस्त्री येतो."

"कधी येतो?"

"बोलावला की."

"किती दिवसांत येतो?"

"अजून बोलावलेला नाही, साहेब."

मामांना हे उत्तर आवडलं. जनावर निरोगी आहे असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, धर्मराजचा हात पुढे ओढला आणि दोन्ही हातांवर रुमाल टाकला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सौदा तोंडानं करायचा नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, बैलाला तितके शेकडे, मोटारीला तितके हजार. बघणाऱ्यांना काही कळत नाही, आणि रुमालाखाली ठरलेलं फिरवणारा माणूस पुन्हा बाजारात तोंड दाखवत नाही.

धर्मराजना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना मुंबईत एवढंच शिकवलं होतं की गिऱ्हाईक जे करील ते आपण दुप्पट आनंदानं करायचं! मामांनी त्यांची दोन बोटं दाबली. धर्मराजना भरून आलं. त्यांनी मामांचा अख्खा पंजा दाबला.

"पाच?" मामा दचकले. त्यांनी पुन्हा दोन दाबली.

धर्मराजनी प्रेमानं मामांचा दुसराही हात रुमालाखाली ओढला आणि दहाच्या दहा बोटं दाबली.

मामांनी माझ्याकडे वळून कौतुकानं मान हलवली. "लई पक्का गडी हाये रे. पाचावरून खाली यायचं, तर धावर गेला! आन् तोंडावर हसू बघ!"

"साहेब, चालवून बघा ना! पटली तरच घ्या!" धर्मराज म्हणाले.

त्यांच्या मनात शोरूम ते गांधी चमन चौक आणि परत, एवढंच होतं. पण बैलबाजारात 'चालवून बघा' म्हणजे जनावर नेऊन कामाला जुंपायचं, दिवसभर राबवायचं आणि मग सांगायचं. जनावर पळवू नये म्हणून विकणाऱ्याचा माणूस सोबत येतो. तेव्हा मामा रीतीप्रमाणे म्हणाले, "मंग बसा तुम्हीबी."

धर्मराज रीतीप्रमाणे बसले. मागच्या बाजूला डावीकडे खिडकीशी मामी, मधे मामा, उजवीकडे ते. रुमाल तसाच हातांवर.

मी रुबाबात पुढचं उजवं दार उघडून बसलो. समोर चाक नव्हतं!

"साहेब, चाक चोरीला गेलंय!"

"अमेरिकेची आहे ती. चाक डावीकडे असतं."

"डावीकडं जुंपायची हाये," मामांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं.

मी सरकलो, चावी फिरवली आणि ट्रॅक्टरला देतो तसा एक दट्ट्या दिला. राजमहाल काचेच्या दारातून बाहेर पडला. दार उघडं होतं, हे आमचं नशीब!

गांधी चमन आलं आणि गेलं.

"इथून वळायचं," धर्मराज म्हणाले.

"सरळ!" मामा म्हणाले.

"पण साहेब, जायचंय कुठे?"

"इथंच. राजूरला."

धर्मराजनी घाबरून मामांची तीन बोटं धरली. "आता कसा खाली आला!" मामा खूश झाले. मी एक खड्डा चुकवायला गेलो आणि दोन घेतले. धर्मराजनी सात धरली. "आरं, नीट चालव, भाव वाढून राह्यला!" मामा ओरडले. मग मी प्रत्येक खड्ड्याला भाव लक्षात घेऊन गाडी चालवू लागलो. सपाट रस्त्यावर गाडी चारपर्यंत उतरायची, पुलावर सहा व्हायची. दलाली करणाऱ्या माणसालाही इतकं टेन्शन नसेल!

मामी मात्र कुणाकडे बघत नव्हत्या. नवं इरकल लुगडं, नाकात नथ, नजर समोर. दार हिसक्यानं उघडू नये म्हणून आतला दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या नुसत्या गाडीत बसल्या नव्हत्या, द्वारकाबाईंवर चाल करून निघाल्या होत्या.

राजूरच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. रस्ता दिसेना, नुसती लोकर! मी ब्रेक दाबला. ब्रेक खाली गेला तो वर आलाच नाही.

"थांबवा!" धर्मराज किंचाळले. त्यांनी डोळ्यांवर हात घेतले. नऊ बोटं डोळ्यांवर गेली, दहावं मामांच्या मुठीत राहिलं.

"एक?" मामांचा विश्वास बसेना. "एकाला देता?"

"देतो, देतो! काय म्हणाल ते देतो, पण थांबवा हो!"

"ऐकलं ना रे संपत? सौदा झाला!"

मी गाडी नांगरटीत घातली. नांगरटीनं ती थांबवली. मेंढरं सुखरूप, आम्ही सुखरूप. फक्त मामींच्या हातात दाराचा दांडा आला होता. नुसता दांडा. दार जागच्या जागी.

"असू द्या," मामी म्हणाल्या. "चला जल्दी."

मी पहिल्या गिअरमध्ये, पायी जाणाऱ्यांच्या मागून, गाडी द्वारकाबाईंच्या दारात नेली आणि तिचं नाक अंगणाच्या ओट्याला टेकवून उभी केली. बँड थांबला. सगळा मांडव धावत आला. मामींचा मोठा क्षण आला!

पण आधी उतरले धर्मराज. टाय वाकडा, चेहरा पांढरा. टाय लावलेला माणूस त्या मांडवात पहिल्यांदाच येत होता. मामींचे भाऊ रामराव हात जोडून पुढे आले. "अरं, दाजींनी साहेब आणले! साहेबांना खुर्ची द्या! फेटा आणा!" बँड पुन्हा सुरू झाला आणि अख्खा मांडव साहेबांना घेऊन आत गेला. मामाही त्यांच्या मागे खेचले गेले.

मामी आत बसून राहिल्या. मी बाहेरून दार ओढलं. उघडेना. लाथ घातली. उघडेना!

"मामी, पलीकडून उतरता का?"

"का म्हणून? मी काय लुगडं आवरून रांगत येऊ? बघायला द्वारकी टपलीच हाये! ह्याच दारातून उतरीन."

तेवढ्यात द्वारकाबाई आल्याच. "अगं बाई वन्सं! आत का बसलात? उतरा की."

"उतरते. दार उघड."

द्वारकाबाईंनी ओढलं. हिरवा चुडा खळखळ वाजला. दार नाही. "पलीकडनं या की मंग."

"पाहुणीला आडदारानं घेती का गं तू?"

आता द्वारकाबाईंचा इलाज संपला. घरची नणंद मांडवाबाहेर ठेवून अक्षता टाकल्या तर राजूरभर तोंड दाखवायची सोय नव्हती. हळदीकुंकू खिडकीतून लागलं. अक्षता खिडकीतून दिल्या, मामींनी खिडकीतून टाकल्या. निम्म्या माझ्या डोळ्यात गेल्या. लग्न लागल्यावर नवरानवरी पाया पडायला आले, तर पाय आत! दोघं बिचारी चाकाच्या पाया पडली. हे बघून बाकीच्यांना वाटलं रीत आहे. मग गावातल्या बायका रांगेनं येऊ लागल्या. गाडी बघायच्या, गादीवर हात फिरवायच्या, मामींना विचारायच्या, "आक्का, मऊ हाये का हो?"

"हाये," मामी म्हणायच्या.

जेवणाची वेळ झाली. ताट खिडकीत ठेवता येईना, तेव्हा ते कुणीतरी धरून उभं राहायला हवं होतं. कोण धरणार? मामींनी फक्त पाहिलं. द्वारकाबाईंनी ताट धरलं! मामींनी पहिला घास घेतला, चावला, विचार केला, दुसरा घेतला. पोळी संपली, दुसरी मागवली. भात झाला, पुन्हा वरण. उन्हानं द्वारकाबाईंच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं.

"वन्सं, अजून काही?"

"घाई न्हाई गं. लाडू कोरडा वाटून राह्यला. जरा पाणी आण. ताट धरून आण."

ऊन कललं तेव्हा धर्मराज फेटा बांधून, तृप्त होऊन बाहेर आले. मामी आत दिसल्यावर त्यांनी जवळ येऊन दाराला कमरेनं एक हलकाच धक्का दिला. दार खाडकन उघडलं!

"अहो, हे आधी का न्हाई सांगितलं?" मी ओरडलो.

"आपण विचारलं नाहीत, साहेब."

मामी उतरल्या. पण तोवर मांडव सोडायला सुरुवात झाली होती. त्यांना उतरताना एका शेळीनं पाहिलं.

"मग, गाडी पसंत?" धर्मराजनी पुन्हा मुंबईचं हसू काढलं.

"आपलं ठरलंय की." मामांनी एक बोट वर केलं. धर्मराजनी आभाळाकडे पाहिलं. मी त्यांना रुमालाचा कायदा पहिल्यापासून समजावला. फेटा हळूहळू त्यांच्या डोळ्यांवर उतरला.

"मालक मला जिवंत ठेवणार नाहीत!"

"रुमालाखालचा शब्द हाये, धर्मराज."

"अहो," मामी मध्येच म्हणाल्या, "बिलकुल घेऊ नका."

"अगं, एका बोटात चाललीय!"

"फुकट दिली तरी नको. आत घेतं ते जनावर बाहेर सोडत न्हाई. राबवून बघितलं, पटलं न्हाई. परत द्या."

धर्मराज मामींच्या पाया पडले. या वेळी पाय बाहेर होते. मग त्यांनी माझ्याकडून चावी जवळजवळ हिसकावली आणि फेट्यासकट एकटेच निघून गेले. ब्रेक लागत नाही हे मी त्यांना सांगणार होतो. पण त्यांनी विचारलं नाही.

आम्ही फाट्यावर आलो. यष्टी आली, खच्चून भरलेली. तरी मामींची नथ आणि लुगडं बघून एक म्हातारा उठला. "या आक्का, बसा."

मामींनी वरचा दांडा धरला आणि म्हणाल्या, "नको बाबा. सकाळधरनं बसूनच हाये!"